लहान विद्यापीठाने अमेरिकन फुटबॉलचा संघ काढावा का?

कोथरूडची मावशी
नमस्कार मंडळी. माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत एका छोट्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे (नाव मुद्दाम देत नाही, कृपया विचारू नये). तिथे आता फुटबॉलचा संघ काढायचं घाटतंय. आपला पायाने खेळायचा नव्हे, तो हेल्मेटवाला. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याचं क्रीडाशुल्क दर सत्राला वाढणार आणि त्यावर मुलांचं मत घेणार आहेत. भाचा म्हणतो नको. त्याच्या खोलीवरची पोरं आत्तापासून नाचतायत. बहीण म्हणते, गप्प बस आणि अभ्यास कर.

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण शून्यातून असा संघ उभा राहायला किती वर्षं लागतात? सुरुवातीला काय हाल होतात? आणि ज्या पोराला खेळाशी देणंघेणं नाही, त्याच्या पदरात काय पडतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गोट्या_२२
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पीचट्रीचा पंत
मावशी, योग्य दारात आलात. मी अटलांटात राहतो आणि आमच्या गावात हा सगळा प्रयोग डोळ्यांदेखत झालाय. जॉर्जिया स्टेट विद्यापीठ.

ही संस्था १९१३ साली जॉर्जिया टेकची संध्याकाळची वाणिज्य शाळा म्हणून सुरू झाली. दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग. शहराच्या ऐन मध्यावर इमारती, ना हिरवळ ना मैदान. वर्ग संपला की पोरं गाडीत बसून घरी. अशा ठिकाणी 'आपलं विद्यापीठ' असं काही वाटावं म्हणून २००८ मध्ये फुटबॉल सुरू करायचं ठरलं. त्याआधी सल्लागार म्हणून डॅन रीव्हज यांना आणलं होतं (अटलांटा फाल्कन्सचे माजी प्रशिक्षक), आणि प्रशिक्षक नेमले बिल करी. करी हे मोठं नाव. खेळाडू म्हणून ग्रीन बे आणि बाल्टिमोर या दोन्ही व्यावसायिक संघांकडून सुपर बोल (म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची अंतिम लढत) जिंकलेले, नंतर जॉर्जिया टेक, अलाबामा, केंटकी इथे प्रशिक्षक.

आता बघा, नेमणूक २००८ ची आणि पहिला सामना २ सप्टेंबर २०१० चा. मधल्या काळात पोरं गोळा करायची आणि एक अख्खा हंगाम नुसता सराव करायचा. सामना नाही, प्रेक्षक नाहीत. पहिला सामना जॉर्जिया डोममध्ये, शॉर्टर या छोट्या कॉलेजविरुद्ध. ४१-७ ने जिंकले. ३०,२३७ लोक आले होते. गावात काय उत्साह! पहिल्या वर्षी ६ विजय, ५ पराभव. सगळे म्हणाले, अरे हे तर सोपं आहे.

मग २०११ मध्ये ३-८. २०१२ मध्ये १-१०. करी निवृत्त झाले. २०१३ मध्ये ट्रेंट माइल्स आले आणि त्यांच्या पहिल्या वर्षी ०-१२. हो, बारापैकी शून्य. २०१४ मध्ये १-११, आणि तो एक विजयही अबिलीन ख्रिश्चनविरुद्ध ३८-३७, एका गुणाने.

गोट्या_२२
पंत, हे वाचून आमच्या सोसायटीच्या क्रिकेट संघाबद्दल आदर वाटायला लागला.

खडूस नाना
आधी एक शंका. मावशी 'छोटं विद्यापीठ' म्हणतायत आणि पंतांनी उदाहरण दिलं ते तीसेक हजार विद्यार्थ्यांचं. हे छोटं?

पीचट्रीचा पंत
नाना, विद्यार्थीसंख्येने मोठं, फुटबॉलमध्ये चिल्लर. याच गावात टेक, तासा-दीड तासावर अथेन्सला जॉर्जिया विद्यापीठ, पलीकडच्या राज्यात अलाबामा. इथली पोरं जन्मतः यांपैकी कुणाची तरी भक्त असतात. जॉर्जिया स्टेटमध्ये शिकणारासुद्धा शनिवारी अथेन्सच्या संघाचा लाल शर्ट घालून हिंडायचा.

सविता_ऑस्टिन
सगळीकडे असंच होतं असं मात्र नाही हं. सॅन अँटोनियोला यूटीएसएने (टेक्सस विद्यापीठाची तिथली शाखा) २०११ मध्ये संघ सुरू केला. पहिल्याच सामन्याला अलामोडोममध्ये ५६,७४३ प्रेक्षक! प्रशिक्षक लॅरी कोकर, ज्यांनी आधी मायामीला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. पहिला हंगाम ४-६, म्हणजे लाज राखली. फरक इतकाच की सॅन अँटोनियो एवढं मोठं शहर, पण तिथे पाहायला दुसरा मोठा फुटबॉल संघच नव्हता. मावशी, भाच्याला विचारा की त्याच्या गावात शनिवारी लोक आत्ता काय करतात. उत्तर 'शेजारच्या मोठ्या विद्यापीठाचा सामना बघतात' असं असेल तर अवघड आहे.

इतिहासाचा कीडा
विषय अटलांटाचा निघालाच आहे तर कंबरलँडला नमस्कार केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

कंबरलँड हे टेनेसीतल्या लेबनन गावचं छोटं विद्यापीठ. १९०३ मध्ये त्यांचा संघ बरा होता, जॉन हाइझमन यांच्या क्लेम्सनशी ११-११ अशी बरोबरी केली होती. पुढे फुटबॉल बंद पडला. पण १९१६ साठी जॉर्जिया टेकशी सामन्याचा करार आधीच झालेला होता आणि न खेळल्यास ३,००० डॉलर दंड. त्या काळी एवढे पैसे म्हणजे संस्थेचं दिवाळं. मग जॉर्ज ॲलन नावाच्या विद्यार्थ्याने बंधुमंडळातली (विद्यार्थ्यांचे क्लब असतात ना, 'फ्रॅटर्निटी') वगैरे पोरं गोळा केली आणि आगगाडीने अटलांटाला नेली. समोर प्रशिक्षक कोण? तेच हाइझमन, आता टेकचे. त्याच वर्षी बेसबॉलमध्ये कंबरलँडने टेकला २२-० ने हरवलं होतं, आणि त्यात बाहेरचे व्यावसायिक खेळाडू घुसवल्याचा हाइझमनना संशय. डोक्यात राग होताच.

७ ऑक्टोबर १९१६. पहिल्या पाव भागात ६३-०. मध्यंतराला १२६-०. शेवटी २२२-०. दुसरा अर्धा भाग तर आखडता घेतला, तरी ही अवस्था. गंमत म्हणजे अख्ख्या सामन्यात दोन्ही बाजूंना एकही 'फर्स्ट डाऊन' मिळाला नाही. कंबरलँडला जमला नाही म्हणून, आणि टेकला गरज पडली नाही म्हणून.

अनघा_डी
कीडासाहेब, हे 'फर्स्ट डाऊन' म्हणजे काय ते सांगा की. आम्ही बापड्या.

इतिहासाचा कीडा
चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले की पुन्हा नवे चार प्रयत्न, तो फर्स्ट डाऊन. नाही सरकले तर चेंडू समोरच्यांकडे. टोकापर्यंत पोचलात की टचडाऊन, सहा गुण. टेकवाले दहा यार्डांचा हिशोब कशाला करतील, ते थेट टोकालाच पोचत होते.

गोट्या_२२
३,००० डॉलर वाचले ना पण? मिशन सक्सेसफुल.

अण्णा_हिशोबनीस
गोट्याने गमतीत खरं सांगितलं. या खेळाचा खरा सामना ताळेबंदात होतो, तेव्हा माझे दोन पैसे.

मोठ्या विद्यापीठांना हंगामाच्या सुरुवातीला आपल्या घरच्या मैदानावर एक सोपा सामना हवा असतो. त्यासाठी ते लहान संघाला ठरावीक रक्कम देऊन बोलावतात. तुम्ही या, मार खा, चेक घ्या, परत जा. २०१० मध्ये, म्हणजे जन्माला आल्या वर्षीच, जॉर्जिया स्टेट अलाबामाच्या घरी गेलं आणि ६३-७ ने हरलं. तो चेक क्रीडाविभागाच्या वर्षभराच्या खर्चात जातो. बाकीचा मोठा हिस्सा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येतो. तिकीटविक्रीतून अशा संघांचं पोट भरत नाही. मावशींच्या भाच्यासमोर जो कागद येईल त्यात 'प्रसिद्धी', 'देणगीदार', 'प्रवेशसंख्या' असे शब्द असतील. त्याने शांतपणे एवढंच विचारावं: पाचव्या वर्षी शुल्क आणखी वाढणार का?

कारण खर्च पहिल्या वर्षीचा नसतो. एकदा संघ झाला की वरच्या श्रेणीत जायची घाई होते. तेव्हाच्या नियमांनुसार खालच्या श्रेणीत (एफसीएस) ६३ शिष्यवृत्त्या, वरच्या श्रेणीत (एफबीएस) ८५. जॉर्जिया स्टेटने खालच्या श्रेणीत पाय रोवायच्या आधीच, दोनच हंगाम खेळून, वर जायचं जाहीर केलं. २०१३ मध्ये सन बेल्ट या वरच्या श्रेणीतल्या गटात दाखल झाले. ते ०-१२ या घाईचं फळ आहे, असं माझं स्पष्ट मत.

खडूस नाना
अण्णा, भाषा सौम्य वापरलीत. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना शंभर-सव्वाशे किलोच्या तयार गड्यांसमोर उभं करायचं आणि त्याचे पैसे संस्थेने घ्यायचे. याला मी पोरांच्या हाडांचं भाडं म्हणतो. डोक्याला बसणाऱ्या माराबद्दल तर कुणी बोलतच नाही.

पीचट्रीचा पंत
नाना, मुद्दा रास्त, पण अर्धाच. ज्यांना मोठ्या विद्यापीठांनी विचारलंही नाही अशा पोरांना तिथे शिष्यवृत्ती मिळाली. अल्बर्ट विल्सन हा त्या अगदी पहिल्या संघातला. ०-१२ चा हंगामही त्याने भोगला. २०१४ मध्ये कुणी निवडलं नसताना कॅन्सस सिटी चीफ्सकडे गेला आणि व्यावसायिक खेळाडू झाला. आणि नवा संघ का हरतो याचं साधं कारण वय आहे. पहिल्या वर्षी अख्खा संघ नवख्या आणि दुसरीकडून आलेल्या पोरांचा. पुढच्या रांगेतला गडी व्यायामशाळेत तीन-चार वर्षं घासल्याशिवाय तयार होत नाही. विकत आणता येत नाही तो. (आता खेळाडूंच्या बदल्या सोप्या झाल्यात म्हणून हे वाक्य थोडं जुनं झालंय, मान्य.)

खडूस नाना
एक अल्बर्ट व्यावसायिक झाला म्हणून बाकीच्यांच्या गुडघ्यांचा हिशोब मिटत नाही. असो.

लेझीमवाली
मी त्याच काळात तिथे मास्टर्सला होते, तेव्हा प्रेक्षकांतून एक आवाज. विद्यार्थ्यांना तिकीट फुकट. डोम सत्तर हजारांचा, म्हणून वरचे मजले पडदे लावून झाकलेले. खालीही अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. स्कोअर बघायचा नाही असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

पण बँड! फुटबॉल आला म्हणून मार्चिंग बँड आला, दोघांचा जन्म २०१० चा. आपल्याकडे ढोलपथकात जशी पोरं-पोरी महिनोन् महिने सराव करून वेगळीच माणसं होतात, तसंच तिथे पाहिलं. २०१२ मध्ये संघ १-१० आणि जानेवारी २०१३ मध्ये तोच बँड वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या शपथविधीच्या मिरवणुकीत. माझी एक वर्गमैत्रीण क्लॅरिनेट वाजवायची. तिला विचारलं असतं की शुल्क वसूल झालं का, तर ती हो म्हणाली असती. मी रिकाम्या खुर्च्यांकडे बघून नाही म्हटलं असतं.

अनघा_डी
लेझीमवाली, +१००. हा कोन डोक्यातच नव्हता आला.

ॲड. मृणाल
जाता जाता, आणखी एक परिणाम कुणी लिहिला नाही. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने शिक्षणसंस्थेत मुलगे आणि मुली यांच्यात भेदभाव करता येत नाही, त्यात खेळाच्या संधी आणि शिष्यवृत्त्याही आल्या. फुटबॉलमध्ये एकदम ८५ मुलग्यांना शिष्यवृत्त्या गेल्या की दुसऱ्या पारड्यात मुलींसाठी काहीतरी टाकावं लागतं. काही ठिकाणी मुलग्यांचे कुस्ती, टेनिस असे संघ बंद करून पारडं सारखं करतात, ते वाईट. जॉर्जिया स्टेटने त्याच सुमारास मुलींचा वाळूवरच्या व्हॉलीबॉलचा संघ सुरू केला. २०१६ मध्ये या खेळाची एनसीएएची (विद्यापीठांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना) स्पर्धा पहिल्यांदा झाली, देशभरातून आठच संघ निवडले, त्यात हे होते. समुद्र अटलांटापासून चारेक तासांवर! फुटबॉल संघाला तोवर एकही बोल सामना (हंगाम संपल्यावर चांगल्या खेळलेल्या संघांना मिळणारा खास सामना) जिंकता आला नव्हता. मावशी, भाच्याने विचारावं की फुटबॉल आल्यावर कुठला संघ बंद होणार आणि कुठला सुरू होणार.

नागपुरी_संत्रं
अवांतर: अरे आपल्याकडेबी आला होता ना हा खेळ? पुणे मराठाज, मुंबई ग्लॅडिएटर्स असे संघ होते. टीव्हीवर पाहिल्याचं आठवून राहिलं.

गोट्या_२२
होते की! एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया, २०१२ च्या आसपास. भारताची लीग आणि सामने श्रीलंकेत, कोलंबोला. रग्बीवाले, कबड्डीवाले, सगळे पकडून पॅड चढवले होते. आमच्या ओळखीचा एक जण निवड चाचणीला गेला होता, त्याचं मत असं की हेल्मेट घातल्यावर चेंडू दिसतच नाही.

इतिहासाचा कीडा
गोट्या, चेंडू न दिसणं ही जुनी परंपरा आहे. :)

आणखी एक उदाहरण देतो आणि थांबतो. टेनेसीतलंच सेवानी. चिमुकलं विद्यापीठ. १८९९ मध्ये सहा दिवसांत पाच सामने आगगाडीने फिरत जिंकले: टेक्सस, टेक्सस ए अँड एम, टुलेन, एलएसयू, ओल मिस. एकानेही गुण घेतला नाही. तेच सेवानी पुढे दक्षिणेतल्या मोठ्यांच्या एसईसी गटात संस्थापक म्हणून बसलं आणि १९४० ला बाहेर पडेपर्यंत गटातले सगळे ३७ सामने हरलं. मग शिष्यवृत्त्यांशिवाय, आपल्यासारख्या लहानांशी खेळायला लागलं. संघ आजही आहे. मला हा सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो. फुटबॉल ठेवा, पण आपल्या वजनाच्या लोकांशी खेळा.

सविता_ऑस्टिन
कीडा, त्या मार्गाने टीव्हीचे पैसे नाहीत, चेक नाहीत. कुलगुरूंना सांगून बघा.

खडूस नाना
इथे मी कीड्याच्या बाजूने. (धाग्याची तारीख लिहून ठेवा.)

पीचट्रीचा पंत
माझी गोष्ट अर्धी राहिली होती. २०१५ मध्ये अचानक गाडी रुळावर आली. शेवटच्या सामन्यात जॉर्जिया सदर्न या कट्टर वैऱ्याला त्यांच्या घरी ३४-७ ने हरवून पहिल्यांदा बोल सामना गाठला. तो हरले, हंगाम ६-७. पुढच्या वर्षी पुन्हा घसरण, माइल्सना नारळ. २०१७ मध्ये स्वतःचं मैदान झालं: ऑलिंपिकसाठी बांधलेलं आणि नंतर बेसबॉलवाल्या ब्रेव्ह्जचं टर्नर फील्ड. नव्या घरातला पहिलाच सामना टेनेसी स्टेटकडून १०-१७ हरले. म्हणजे वास्तुशांतीलाच मांजर आडवं. पण त्याच वर्षी, शॉन इलियट प्रशिक्षक असताना, क्युअर बोल जिंकला.

आणि मग ३१ ऑगस्ट २०१९. आदल्या वर्षी २-१० असलेला हा संघ नॉक्सव्हिलला टेनेसीच्या लाखभर खुर्च्यांच्या नेलंड स्टेडियममध्ये गेला. मार खाण्यासाठी ९,५०,००० डॉलर ठरलेले. ३८-३० ने जिंकून आले. चेकसकट!

अण्णा_हिशोबनीस
तो निकाल मलाही आवडला, नाही कशाला म्हणू. पण पंत, धंद्याचा पाया अशा एका दुपारवर घालता येत नाही. २००७ मध्ये ॲपलेचियन स्टेटने मिशिगनला ३४-३२ ने हरवलं, चार लाख डॉलर घेऊन. ते मात्र आधीची दोन वर्षं आपल्या श्रेणीचे राष्ट्रीय विजेते होते. खालच्या पायरीवर नीट उभे राहून मग उडी मारली त्यांनी.

कोथरूडची मावशी
बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! वाचनखूण साठवली आहे. सगळं भाच्याला पाठवलं. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून बहिणीने मोठ्याने वाचून दाखवलं, आणि आता तिलाच टेनेसीचा सामना बघायचाय.

भाच्याचं उत्तर आलंय. तो म्हणतो, पंतांच्या वर्षांची बेरीज करून पाहा. २००८ ला निर्णय, २०१० ला पहिला सामना, २०१५ ला पहिला बोल, २०१७ ला मैदान. चार वर्षांत पदवी घेणारा मुलगा यातले फार तर दोन टप्पे बघतो. जो मत देतो आणि पैसे भरतो, तो ०-१२ बघतो. टेनेसीला हरवलेलं बघणारा तेव्हा सहावी-सातवीत असतो. प्रश्न त्याचाच राहिला, पण आता निदान नीट मांडता येतोय.

लेझीमवाली
भाचा हुशार आहे. पण हाच हिशोब ग्रंथालयाच्या नव्या इमारतीलाही लागू होतो की. आपण जिथे बसून वाचलं ती कुणाच्या शुल्कातून बांधली होती?

खडूस नाना
ग्रंथालयात डोकं फुटत नाही.

गोट्या_२२
नाना, तुम्ही आमच्या कॉलेजचं ग्रंथालय बघितलं नाहीत. पंखा पडायचा.

कोथरूडची मावशी
(तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, माफी.) मतदान झालं. प्रस्ताव मंजूर, पण मत द्यायला आली मुलंच कमी. भाच्याने विरोधात दिलं. त्याआधीच्या सभेत त्याने अण्णांचा आणि मृणालताईंचा प्रश्न विचारला. पाचव्या वर्षीच्या शुल्काबद्दल 'सध्या सांगता येणार नाही', आणि बंद कुठला संघ होणार यावर 'कुठलाही नाही, उलट मुलींचा एक वाढेल'. हे कागदावर द्या म्हणाला, तर हसले म्हणे.

अण्णा_हिशोबनीस
सभेचं इतिवृत्त मागून घ्यायला सांगा. हसले तेही त्यात यायला हवं.

सविता_ऑस्टिन
मावशी, प्रशिक्षक कोण नेमतायत ते कळलं की इथे टाका. पहिली तीन वर्षं त्यावरच असतात.

पीचट्रीचा पंत
आणि पहिल्या हंगामाचं वेळापत्रक आलं की तेही टाका. त्यात अलाबामाचं नाव दिसलं, तर अण्णांना फोन करा.